तीन, पाच, सात: एका मांडणीचा पुरता छडा

जमिनीवर चिंचोक्यांचे तीन ढीग आहेत. पहिल्यात ३, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात ७. खेळणारे दोघे, आणि खेळायचं आळीपाळीने. आपली पाळी आली की कोणत्याही एकाच ढिगातून हवे तेवढे चिंचोके उचलायचे. एक उचला, चार उचला, अख्खा ढीग उचला. पण एकाच वेळी दोन ढिगांना हात लावायचा नाही आणि पाळी सोडायचीही नाही. शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती लागला तो जिंकला.

जगभर या खेळाला निम म्हणतात. यात फासे नाहीत, झाकलेली पानं नाहीत, म्हणजे नशिबाला शिरकाव नाही. बरोबरीही होऊ शकत नाही, कारण दर चालीला निदान एक चिंचोका कमी होतोच आणि एकूण आहेत १५. एवढ्यावरूनच एक गोष्ट पक्की ठरते: पहिली चाल होण्याआधीच दोघांपैकी एकाच्या हातात हमखास विजय आहे. तो कोणाच्या हातात आहे आणि कसा काढायचा, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न.

मी गणित शिकवतो. तर्काने खेळ जिंकता येतो, हे वर्गात सांगणं सोपं असतं. एखाद्याच्या डोक्यात तो तर्क पायरी-पायरीने उभा राहताना पाहायला मिळणं दुर्मीळ. या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या भाचीच्या बाबतीत ते पाहायला मिळालं. ती आता आठवीत जाईल. समोर होते तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील. बँकेत नोकरीला असताना मधल्या सुट्टीत ते काड्यापेटीतल्या काड्या मांडून हा खेळ खेळत. घरात त्यांना कोणी हरवल्याचं ऐकिवात नव्हतं.

हरलेले डाव

आजोबा दर वेळी म्हणायचे, "तू आधी खेळ." भाचीला वाटायचं, ते मोठ्या मनाने सवलत देत आहेत. खरी सवलत होतीच, फक्त ती वापरता यायला हवी होती. सुरुवातीला एकूण १५ चाली शक्य आहेत: पहिल्या ढिगातून ३ प्रकारे, दुसऱ्यातून ५, तिसऱ्यातून ७. त्यांतल्या फक्त ३ चाली जिंकून देतात. उरलेल्या १२ पैकी कोणतीही केली की डाव आजोबांचा.

सुरुवातीचा एक डाव असा झाला. भाचीने ७ च्या ढिगातून २ उचलले. उरले ३, ५, ५. दोन ढीग सारखे झाले, याने ती खूश. आजोबांनी एका हाताने ३ चा अख्खा ढीग उचलून घेतला. आता ५ आणि ५. तिने एका ढिगातून २ उचलले, आजोबांनी दुसऱ्यातून २. तिने १ उचलला, त्यांनी १. ती जे करील तेच ते दुसऱ्या ढिगात करत गेले आणि शेवटचा चिंचोका अर्थातच त्यांचा.

दुसऱ्या एका डावात तिने ७ मधून ३ उचलून ३, ५, ४ केलं. आजोबांनी ३ मधून २ काढले: १, ५, ४. तिने ५ चे २ केले. आजोबांनी ४ चे ३ केले: १, २, ३. तिने ३ चा १ केला, त्यांनी २ चा ढीग उचलला, आणि समोर उरले १ आणि १. इथवर यायला आजोबांना विचारही करावा लागला नव्हता. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझ्या चालीकडे बघतसुद्धा नाही. फक्त काय उरलंय ते बघता."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. नवशिका खेळाडू "मी काय उचलू" असा विचार करतो. जाणकार "मी समोरच्याला काय देऊ" असा करतो. सगळी उकल या एका बदलावर उभी आहे.

शेवटाकडून मागे

वहीच्या मागच्या पानावर तिने दोन रकाने केले. एकात "हरती" मांडणी: ज्याची पाळी आहे तो हरणार, समोरचा चुकला नाही तर. दुसऱ्यात "जिंकती": ज्याची पाळी आहे तो नीट खेळला तर जिंकणार. कोणती मांडणी कुठे टाकायची, याचा निकष दोन ओळींचा आहे. जिच्यातून एका तरी चालीने हरती मांडणी समोरच्याला देता येते, ती जिंकती. जिच्यातून कोणतीही चाल केली तरी समोरच्याला जिंकतीच मिळते, ती हरती.

सुरुवात अगदी शेवटापासून करायची. एकही चिंचोका नसताना पाळी आली तर तुम्ही हरलातच. एकच ढीग असेल तर तो अख्खा उचला, जिंकलात. दोन सारखे ढीग असतील तर हरलात, कारण समोरचा नक्कल करत बसेल. दोन असमान ढीग असतील तर ते सारखे करा आणि स्वतः नक्कल करत बसा. तीन ढिगांपैकी दोन सारखे असतील तर तिसरा संपूर्ण उचला. म्हणून ३, ५, ५ हा भाचीचा डाव त्याच क्षणी संपला होता.

म्हणजे तपासायच्या राहिल्या फक्त तिन्ही ढीग वेगवेगळे असलेल्या मांडण्या. सगळ्यांत लहान १, २, ३. तिच्यातून सहा चाली होतात. कोणतीही करा, एक तर दोन ढीग सारखे होतात, नाहीतर दोनच असमान ढीग उरतात. सहाही चाली समोरच्याला जिंकती मांडणी देतात, म्हणून १, २, ३ हरती. हे एकदा कळलं की बऱ्याच मांडण्या आपोआप निकालात निघतात. ढिगांत १ आणि २ असतील आणि तिसरा ३ पेक्षा मोठा असेल तर त्याचे ३ करायचे. १ आणि ३ असतील आणि तिसरा २ पेक्षा मोठा असेल तर त्याचे २ करायचे. २ आणि ३ असतील तर तिसऱ्याचा १.

मग तिने १, ४, ५ घेतलं. दहा चाली, दहाही तपासल्या, दहाही वाईट. हरती. त्यानंतर २, ४, ६. तीही हरती.

ही तपासणी कंटाळवाणी वाटते, पण तर्काच्या कामाचा मोठा भाग असाच असतो. प्रत्येक नवी मांडणी आधी तपासलेल्यांवर टेकते, पायथा एकदाच घालायचा असतो. शंभर चाली पुढचं बघायची ताकद इथे लागत नाही. एकेकच चाल बघायची, फक्त ती योग्य क्रमाने.

बेरजेचा मोह

१, २, ३. १, ४, ५. २, ४, ६. यादी इथवर आली आणि भाची ओरडली, "मामा, सापडलं! मोठा ढीग म्हणजे दोन लहान ढिगांची बेरीज!" तिने लगेच पुढच्या मांडण्या बांधल्या: २, ५, ७ आणि ३, ४, ७. या दोन्ही खरोखरच हरत्या आहेत. सुरुवातीच्या ३, ५, ७ मधून एकेका चालीत त्या मिळतातही. मी गप्प बसलो. ती आजोबांना बोलवायला धावली.

तिने ५ मधून १ उचलला: ३, ४, ७. आजोबा पहिल्यांदाच थांबले. थोड्या वेळाने त्यांनी ७ मधून २ काढले: ३, ४, ५. आता तिच्या नियमाने तीन वाटा होत्या. ३ चा १ करायचा, म्हणजे १ आणि ४ मिळून ५. किंवा ५ चा १ करायचा, म्हणजे ३ आणि १ मिळून ४. किंवा ४ चे २ करायचे, म्हणजे ३ आणि २ मिळून ५. बेरीज तिन्हीकडे जुळते. तिने दुसरी वाट धरली आणि ४ चिंचोके उचलले. आजोबांनी ४ मधून २ उचलले. समोर ३, २, १. तिने वही बाजूला ठेवली.

"१, ३, ४ तू तपासलं होतंस?" मी विचारलं.

"नाही. बेरीज जुळली म्हणून धरून चालले."

या जागी मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण अशा प्रकरणांतली सगळ्यांत शिकण्यासारखी जागा हीच. ३, ५, ७ पासून सुरू केलेल्या खेळात तिन्ही ढीग वेगवेगळे असलेल्या हरत्या मांडण्या एकूण सहाच येऊ शकतात: १-२-३, १-४-५, २-४-६, २-५-७, ३-४-७ आणि ३-५-६. सहांपैकी पाचांत बेरीज जुळते. कुठलाही शहाणा माणूस पाच उदाहरणं पाहून तोच नियम मांडेल. तरी नियम दोन्ही अंगांनी चुकतो. १-३-४ मध्ये बेरीज जुळते पण मांडणी जिंकती आहे. २-३-५ चंही तसंच, तिथे ५ चा १ करून समोरच्याला अडकवता येतं. उलट ३-५-६ मध्ये बेरीज जुळत नाही आणि मांडणी हरती आहे. जुळणारी उदाहरणं नियम सुचवतात. नियम खरा आहे हे ती सांगू शकत नाहीत, मग ती पाच असोत की पन्नास.

भाचीने ३-५-६ च्या चौदाही चाली लिहून काढल्या. चौदाही वाईट निघाल्या. आता तिच्याकडे खरी यादी होती आणि त्या यादीला एकच नियम लावता येत नव्हता. गंमत अशी की आजोबांकडेही नेमकी हीच यादी होती. बँकेतल्या एका सहकाऱ्याने त्यांना सहाही मांडण्या पाठ करायला लावल्या होत्या. कारण त्यानेही सांगितलं नव्हतं, यांनीही विचारलं नव्हतं.

नवटाक, पावशेर, अच्छेर

मी फक्त एक सुचवलं: प्रत्येक ढीग ४, २ आणि १ यांच्यात फोडून लिही, प्रत्येक आकडा जास्तीत जास्त एकदाच वापरून. तिला शाळेत संगणकाच्या तासाला बायनरी शिकवलं होतं, त्यामुळे ते जमलं. आजोबांनी मात्र आपल्या पद्धतीने पकडलं. "हे तर जुन्या वजनांसारखं आहे. दोन नवटाकांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर. सात म्हणजे अच्छेर, पावशेर आणि नवटाक." अगदी तसंच. तराजूच्या पारड्यात कोणतं वजन टाकायचं आणि कोणतं नाही, एवढ्यावर कुठलंही माप होतं, आणि प्रत्येक माप एकाच प्रकारे होतं.

आता हरत्या मांडण्या अशा दिसू लागल्या:

३ = २ + १
५ = ४ + १
६ = ४ + २

इथे ४ दोनदा आलं, २ दोनदा आलं, १ दोनदा आलं. प्रत्येक वजनाला जोडीदार आहे. १-४-५ मध्ये १ ची जोडी, ४ ची जोडी, २ नाहीच. २-५-७ मध्येही तिन्ही वजनांच्या जोड्या. सहाच्या सहा मांडण्यांत एकही वजन सुटं नाही. आणि फसवी १-३-४? १, मग २ आणि १, मग ४. इथे १ ची जोडी लागते पण २ एकटं, ४ एकटं.

मूठ झाकून एकी-बेकी खेळलेल्या कोणालाही हे जमावं: ४ ची एकी की बेकी, २ ची, १ ची, असं तीन वेळा विचारायचं. तिन्ही बेकी असतील तर मांडणी हरती. एकही एकी निघाली तर जिंकती.

बेरीज इतक्या वेळा का जुळत होती, हेही इथे उलगडतं. दोन लहान ढिगांत एकही वजन सामाईक नसेल तर त्यांची बेरीज म्हणजे सगळी वजनं एकत्र ठेवणं. मोठ्या ढिगात तीच वजनं येतात आणि जोड्या पूर्ण होतात. २ आणि ५ मध्ये सामाईक काही नाही, म्हणून ७. पण ३ आणि ५, दोघांतही १ आहे. त्या दोन १ ची आपापसांत जोडी लागून जाते, सुटे राहतात २ आणि ४, म्हणून तिसरा ढीग ६ हवा, ८ नव्हे. बेरीज करताना जिथे हातचा येतो, नेमका तिथे तिचा नियम मोडत होता.

आणि मूळ मांडणी?

३ = २ + १
५ = ४ + १
७ = ४ + २ + १

४ ची जोडी आहे, २ ची जोडी आहे, १ मात्र तीन. एक १ जास्तीचा. तो कोणत्याही ढिगातून काढता येतो, कारण तिन्ही ढिगांत तो आहे. म्हणून जिंकणाऱ्या चाली तीन: पहिल्या ढिगातून एक, किंवा दुसऱ्यातून एक, किंवा तिसऱ्यातून एक. चालीचा आकार लहानात लहान, आणि नवशिका खेळाडू नेमकी तीच सोडतो. मुठीभर उचलण्यात त्याला जोर वाटतो.

पण हे नेहमीच का चालावं?

यादी जुळली म्हणजे काम झालं, असं भाची आता म्हणायला तयार नव्हती. बेरजेने तिला एकदा फसवलं होतं. मग आम्ही सिद्धतेला बसलो. ती तीन तुकड्यांची आहे आणि तिला चिंचोक्यांपलीकडे काही लागत नाही.

पहिला तुकडा. सगळ्या वजनांच्या जोड्या लागलेल्या आहेत आणि तुम्ही चाल केली. चालीने एकच ढीग बदलतो. ढीग लहान झाला म्हणजे त्याचा वजनांचा संच बदललाच, कारण दोन वेगळ्या मापांचा संच एकच असू शकत नाही. निदान एक वजन आत आलं किंवा बाहेर गेलं, आणि बाकीचे ढीग जसेच्या तसे आहेत. म्हणजे निदान एक जोडी बिघडली. जोड्यांच्या मांडणीतून जोड्यांच्या मांडणीत एका चालीने जाता येत नाही.

दुसरा तुकडा अवघड, आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर. काही वजनं सुटी आहेत. ती सगळी एकाच चालीने जुळवता येतात का? सुट्या वजनांतलं सगळ्यांत मोठं घ्या. ते विषम वेळा आलंय, म्हणजे निदान एका ढिगात आहेच. तो ढीग धरा. त्या ढिगात प्रत्येक सुट्या वजनाची स्थिती उलटवा: असेल तर काढा, नसेल तर घाला. सगळं जुळलं. भाचीने लगेच हरकत घेतली, "पण घालायचं कसं? चिंचोके तर फक्त काढता येतात." बरोबर हरकत. उत्तर असं की सगळ्यांत मोठं सुटं वजन बाहेर जातंय आणि आत येणारी सगळी त्याच्याहून लहान आहेत. ४ बाहेर गेलं आणि २ व १ दोन्ही आत आली तरी येतात ३. एकूण ढीग लहानच होतो. १-३-४ मध्ये ४ काढायचं आणि २ ठेवायचं, म्हणजे प्रत्यक्षात २ चिंचोके उचलायचे. आजोबांनी नेमकं तेच केलं होतं.

तिसरा तुकडा एका ओळीचा. खेळ संपतो तेव्हा एकही चिंचोका नसतो, म्हणजे एकही वजन सुटं नसतं. जो दर वेळी जोड्या लावून देतो, शेवटची रिकामी जमीनही तोच देतो.

ढीग किती, चिंचोके किती, याचा इथे कुठेही उल्लेख नाही. तीन ढिगांसाठी काढलेली युक्ती तीस ढिगांनाही लागू आहे, फक्त वजनं ८, १६, ३२ अशी वाढवत न्यायची.

३, ५, ७ मधून ढिगांच्या जागा धरून मोजल्या तर एकूण १९२ मांडण्या होऊ शकतात (४ गुणिले ६ गुणिले ८, रिकामा ढीगही धरून). त्यांतल्या २४ हरत्या. पहिले दोन ढीग कोणतेही घ्या, जोड्या पुऱ्या करणारा तिसरा एकच असतो. म्हणून ४ गुणिले ६. म्हणजे आठ मांडण्यांमागे हरती एकच, आणि नीट न बघता खेळणाऱ्याला ती क्वचितच साधते. आजोबांचा दबदबा कसा टिकला, त्याचा हा हिशोब.

हा सिद्धांत नवा नाही. हार्वर्ड विद्यापीठात शिकवणारे गणिती चार्ल्स बुटन यांनी १९०१ मध्ये तो सिद्धतेसह छापला, आणि खेळाला निम हे नावही त्यांनीच दिलं. नियम इतका यांत्रिक आहे की संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी तो यंत्रात बसवता आला. अणुभौतिकीचे शास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन यांनी वेस्टिंगहाउस कंपनीसाठी तयार केलेलं निमॅट्रॉन १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांशी निम खेळत होतं, आणि सुमारे एक लाख डावांपैकी सुमारे ९० हजार त्याने जिंकले. १९५१ मध्ये ब्रिटनच्या फेरांटी कंपनीने निमरॉड बनवलं. लंडनच्या प्रदर्शनानंतर ते बर्लिनला गेलं आणि तिथे त्याने पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्री लुडविग एरहार्ड यांना हरवलं. पुढे चॅन्सेलर झालेला माणूस समोर होता, पण यंत्राला फक्त एकी-बेकी मोजायची होती.

सगळे खेळ असे उलगडत नाहीत. चेकर्स या पटावर सोंगट्यांनी खेळायच्या खेळाचा छडा लावायला कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या जोनाथन शेफर आणि सहकाऱ्यांना १९८९ ते २००७ इतकी वर्षं लागली, तीही ढीगभर संगणक जुंपून. दोघेही बिनचूक खेळले तर चेकर्स बरोबरीत सुटतं, हे सिद्ध झालं. पण चार ओळींत लिहिता येईल असा नियम हाती आला नाही. निमचं भाग्य मोठं, त्याच्या पोटात एक लहानशी रचना दडलेली होती.

यादीबाहेरचे डाव

पाठांतर आणि कारण यांतला फरक पुढच्या डावात दिसला. भाचीने चार ढीग मांडले: १, ३, ५, ७. वजनं फोडून बघा: ४ दोनदा, २ दोनदा, १ चार वेळा. सगळ्या बेकी, मांडणी हरती. ती म्हणाली, "आजोबा, आज तुम्ही आधी."

आजोबांकडे चार ढिगांची यादी नव्हती. त्यांनी ३ चा ढीग उचलून टाकला, बहुधा तीन ढिगांच्या ओळखीच्या मुलखात परतायचं म्हणून. उरले १, ५, ७. सुटी वजनं कोणती? २ एकटं, १ तीनदा. मोठं सुटं २. ते फक्त ७ मध्ये आहे. त्यातून २ काढा, १ काढा, उरले ४. तिने ७ मधून ३ उचलले. आजोबांनी १, ५, ४ कडे पाहिलं आणि हातातले चिंचोके खाली ठेवले. "ही मला माहीत आहे. हरलो मी."

मग त्यांनी नियम फिरवला: शेवटचा चिंचोका उचलेल तो हरला. बँकेत हाही प्रकार चालायचा. भाचीला वाटलं, आता सगळं उलटं करावं लागणार. तसं होत नाही. जोड्या लावतच खेळायचं, फक्त शेवटाजवळ एकदा वळण घ्यायचं. एक चिंचोका असलेल्या ढिगांना लहान म्हणू, त्याहून मोठ्यांना मोठे. एका चालीने मोठे ढीग फार तर एकाने कमी होतात, म्हणून कधी ना कधी नेमका एकच मोठा ढीग उरतो. त्या क्षणी त्याचं वजन सुटं असतं, म्हणजे जोड्या लावून देणाऱ्याने ती मांडणी दिलेली असूच शकत नाही. ती त्याला मिळालेली असते. आता त्याने त्या मोठ्या ढिगाचा एकच चिंचोका ठेवायचा किंवा तो पूर्ण संपवायचा, म्हणजे एकेकट्या चिंचोक्यांचे ढीग विषम संख्येने उरतील असं बघायचं. समजा, १, २, ३ समोरच्याला दिलं आणि त्याने ३ चा १ केला. नेहमीच्या खेळात आपण २ चा ढीग अख्खा उचलला असता. या खेळात त्यातला एकच उचलायचा: १, १, १. तो, आपण, आणि शेवटचा त्याच्या गळ्यात.

सध्या घरात तिसरा प्रकार चालू आहे: शेवटचा चिंचोका उचलेल तो पुन्हा जिंकणार, पण एका पाळीत दोनपेक्षा जास्त चिंचोके उचलायचे नाहीत. इथे वजनं फोडून भागत नाही, कारण ३ चा ढीग एकटा असला की तो आता हरता आहे. तुम्ही एक उचला, समोरचा दोन उचलेल. सुटका १९३० च्या दशकात सापडली. रोलंड श्प्राग यांनी १९३५ मध्ये आणि पॅट्रिक ग्रंडी यांनी १९३९ मध्ये, एकमेकांवर न विसंबता, दाखवलं की दोघांनाही सारख्याच चाली उपलब्ध असलेल्या, नक्की संपणाऱ्या आणि शेवटची चाल करणारा जिंकतो अशा प्रत्येक खेळात ढिगाला एक आकडा देता येतो आणि मग त्या आकड्यांवर निमच खेळायचं. आकडा काढायची रीत: त्या ढिगातून एका चालीने जे जे ढीग मिळतात त्यांचे आकडे लिहा, आणि त्यांत नसलेला शून्यापासूनचा सर्वांत लहान आकडा घ्या. रिकाम्या ढिगाला ०. एकातून फक्त ० मिळतो, म्हणून १. दोनातून ० आणि १ मिळतात, म्हणून २. तिनातून २ आणि १ मिळतात, म्हणून पुन्हा ०. पुढे ०, १, २ हेच चक्र.

या हिशोबाने ३, ५, ७ ची किंमत ०, २, १. सुटी वजनं २ आणि १. जिंकणाऱ्या चाली आता दोनच राहतात: ५ मधून एक उचलून किंमती ०, १, १ करायच्या, किंवा ७ मधून दोन उचलून ०, २, २. भाचीने दोन्ही चालींपुढचे सगळे फाटे वहीत उतरवून पाहिले. आजोबा आता ० ते १५ च्या ढिगांचे आकडे पाठ करत नाहीत; तिने विचारलं की रीत लावून काढून दाखवतात, आणि एका पाळीत फक्त १ किंवा ४ उचलायचे असतील तर काय होईल, हा पुढचा प्रश्न त्यांनीच तिला घातला आहे.